दिनविशेष : १७ जून

१७ जून १८९५ रोजी पुणे मुक्कामी फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य व ‘सुधारक’ पत्राचे संपादक गोपाळ गणेश आगरकर दम्याच्या जुनाट व्यथेने, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, निवर्तले.

ज्या टिळकांसमवेत त्यांनी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणाच्या फिर्यादीत डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवसांची कैद भोगली, आणि ज्यांच्याशी पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून त्यांचे बिनसले ते अखेरपर्यंत जुळले नाही, त्या टिळकांनीच ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला, आणि तो लिहिताना त्यांना अश्रू आवरेनात, असे सांगतात. यात मतांची तडजोड मुळीच नव्हती. संमतिवयाच्या कायद्यावरील टिळकांचा पक्ष त्या लेखाने तसूभरही हलला नाही. दिवंगताला सोयीस्करपणे आपल्या गोटात ओढून घेण्याची आपल्याकडील रीत पाहता, वादाची बाकी वादाच्या खात्यावर ठेवून सहकाऱ्यासाठी मोकळेपणाने रडणे हे प्रस्तुत लेखकास दुर्मिळ वाटते.

सनातन्यांनी ज्याची प्रेतयात्रा तो हयात असतानाच काढली, त्या या कृश प्रकृतीच्या शिक्षकाने विधवांच्या केशवपनावर व बालविवाहावर कठोर प्रहार केले, आणि स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे, तेही एकत्र द्यावे, असे निःशंकपणे लिहिले. त्यांपैकी शिक्षणाची मागणी आज कोणास खटकत नाही. मुलींची लग्ने मात्र अठरा पुरी होण्याआधी अजून उरकली जातात.