बल्लारशाह ते डोर्नकल : तरुणांचं जगभरचं जाळं कसं विणलं गेलं

बल्लारशाहवरून दक्षिणेला जाणारी गाडी वरंगल सोडून विजयवाड्याकडे निघाली की वाटेत डोर्नकल जंक्शन लागतं. तिरुपतीला, चेन्नईला जाताना आपल्यातले कित्येक जण तिथून गेले असतील, बहुतेक झोपेतच. पण जगभरच्या अँग्लिकन चर्चच्या इतिहासात या लहानशा गावाचं नाव ठळक अक्षरांत आहे. आणि ते तिथवर पोचलं तरुणांच्या एका चळवळीमुळे. आजची पोस्ट त्यावर. विषय चर्चचा असला तरी प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी नातं सांगणारी मंडळी. आपल्या चांद्याशी त्यांचा संबंध जुना. इथलं मिशन स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने चालवलं. चांद्यात कित्येक वर्षं राबलेले ॲलेक्स वुड पुढे १९१९ साली छोटानागपूरचे आणि १९२६ साली नागपूरचे बिशप झाले. त्यांच्या आधीचे, म्हणजे नागपूरचे पहिले बिशप आयर चॅटर्टन. त्यांनी १९१६ साली गोंडवानाच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. माणसं कष्टाळू होती, अभ्यासू होती, यात वाद नाही. पण रस्ता एकेरी होता बरं का. माणूस तिकडून येणार, पैसा तिकडून येणार, निर्णयही तिकडूनच. इथला तरुण फक्त ऐकणारा.

हा एकेरी रस्ता दुहेरी करायची सुरुवात मोठ्या धर्मगुरूंनी नाही केली. ती केली पोरांनी.

१८४४ साली लंडनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स नावाच्या २२ वर्षांच्या पोराने सोबतच्या कामगार मुलांना घेऊन वायएमसीए काढली. अकरा वर्षांत, १८५५ साली, पॅरिसमध्ये देशोदेशीच्या वायएमसीए एकत्र येऊन त्यांचा जागतिक संघ झाला. पुढे १८९५ साली स्वीडनमधल्या वाडस्टेना गावी विद्यार्थ्यांचा जागतिक ख्रिस्ती महासंघ उभा राहिला. त्यामागचा मुख्य माणूस अमेरिकेचा जॉन मॉट, वय वर्षं ३०. या संघटना एका पंथाच्या नव्हत्या. अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट सगळे एकाच सतरंजीवर. बिशपांची परिषद व्हायला वर्षानुवर्षं लागत, ही पोरं मात्र पत्रं लिहीत, आगबोटीने फिरत, एकमेकांच्या घरी उतरत.

याच जाळ्यात तमिळनाडूतल्या एका खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा आला. नाव वेदनायगम सॅम्युअल अझारिया, जन्म १८७४. विशीतच तो वायएमसीएचा सेक्रेटरी झाला आणि दक्षिण भारतभर हिंडला. अमेरिकेहून आलेल्या शेरवुड एडीशी त्याची घट्ट दोस्ती जमली. १९०२ साली तो श्रीलंकेत जाफन्याला गेला. तिथले तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या पैशाने, स्वतःची माणसं पाठवून काम करताना त्याने बघितले. हे आपण का नाही करू शकत? परत आल्यावर १९०३ साली तिरुनेलवेलीत आणि १९०५ साली सेरामपूरला त्याने सोबत्यांसह दोन संस्था उभ्या केल्या. माणसं, पैसा आणि कारभार तिन्ही भारतीयांचं, ही त्यामागची अट. एका भेटीने काय होतं बघा. जाळ्याचा खरा उपयोग हाच. दुसऱ्या गावचा माणूस काय करतो ते डोळ्यांनी दिसतं, मग आपलं रडगाणं बंद होतं.

१९०७ साली विद्यार्थी महासंघाच्या परिषदेसाठी तो टोकियोला जाऊन आला. १९०९ साली शहरातली सेक्रेटरीची जागा सोडून निजामाच्या राज्यातल्या डोर्नकलला गेला. तेलुगू त्याची भाषा नव्हती, ती शिकला.

१९१० साली एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यात आशियातले जेमतेम विशीच्या घरात. तिथे ३५ वर्षांच्या अझारियाने उभं राहून गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी त्याग करता, पण आम्हाला बरोबरीने वागवत नाही. आम्हाला उपकार नकोत, मैत्री पाहिजे. सभागृहात अनेकांना ते झोंबलं. पण दोन वर्षांनी, २९ डिसेंबर १९१२ रोजी, कलकत्त्यात त्याला डोर्नकलचा बिशप केलं गेलं. अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप, वय ३८.

आता आपल्याकडे बघा. याच रेल्वेच्या वाटेवरच्या नागपूरला १९४९ सालीसुद्धा इंग्रज बिशप नेमला गेला! डोर्नकल आणि नागपूरमध्ये सदतीस वर्षांचा फरक. माझ्या मते कारण एकच. तिकडे तरुणाला आधी फिरू दिलं, चुकू दिलं, मग जबाबदारी दिली.

अझारियांवर टीकाही झाली, तेही सांगायला पाहिजे. धर्मांतराच्या प्रश्नावर गांधीजींशी त्यांचे तीव्र मतभेद होते. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि या पोस्टमध्ये तो मिटवायचाही नाही. मला त्यांच्या कामाची पद्धत महत्त्वाची वाटते.

जाळं पुढे वाढत गेलं. डिसेंबर १९५२ मध्ये ख्रिस्ती तरुणांची जागतिक परिषद केरळात कोट्टायमला भरली, म्हणजे आता जग इकडे आलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि चांद्याची अँग्लिकन मंडळी त्यात आली. आज अँग्लिकन जगात तरुणांसाठी काम करणाऱ्यांचं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय नेटवर्क आहे.

आता मुद्द्याचं. पत्रकार म्हणून मी सगळ्या जाती-धर्मांचे, सगळ्या पक्षांचे युवा मेळावे कव्हर करतो. नाव कोणाचंच घेत नाही, पण चित्र सारखंच असतं. मंचावर साठीतले लोक, तरुण खुर्च्या लावायला. युवा अध्यक्षाला स्वतःहून हजार रुपये खर्च करायची मुभा नसते. मेळावा संपला की फोटो टाकले, विषय संपला. वर्षभर कोणी कोणाला फोन करत नाही. मग आपणच म्हणतो, पोरं गाव सोडून पुण्याला, हैदराबादला चालली.

जाळं म्हणजे बॅनर नाही आणि व्हॉट्सॲप ग्रुपही नाही. पोराला दुसऱ्या गावी पाठवा. परत आल्यावर त्याचं ऐकून घ्या. हातात थोडा पैसा आणि पूर्ण जबाबदारी द्या. आणि तो सगळ्यांसमोर उभा राहून कडू बोलला तर त्याला खाली बसवू नका. एडिंबरोत अझारियाला कोणी खाली बसवलं असतं, तर डोर्नकल फक्त रेल्वेच्या नकाशात राहिलं असतं.

चांद्याच्या जुन्या मिशनच्या आठवणी, फोटो, पत्रं कोणाच्या घरी असतील तर मला नक्की कळवा. आणि तुमच्या मंडळात, संस्थेत तिशीच्या आतल्या कोणाच्या हातात खरोखर कारभार असेल, तर तेही सांगा. मी स्वतः येऊन बातमी करीन.