एकच प्रत : लीळाचरित्रापासून हार्ड डिस्कपर्यंत

१/ नांदेड–हैदराबाद मार्गावरील नायगावात आज एखादे कुटुंब जुन्या पेटीतील कागद स्कॅन करून संगणकात घेते : खासरा पत्रक, खरेदीखत, पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. मग एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेण्याचा विचार येतो. निवड बहुधा किंमत आणि टीबी पाहून होते. परंतु या खरेदीमागचा खरा प्रश्न सातशे वर्षांचा जुना आहे : एकुलती प्रत गेली तर काय उरते?

२/ श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी ऋद्धिपुरात त्यांच्या आठवणींचे संकलन केले. ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून विचारणे आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेणे, अशी ही पद्धत होती. त्यातून ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सिद्ध झाला.

३/ महानुभाव परंपरा सांगते की, खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली. ग्रंथ वाचला तो शिष्यांना मुखोद्गत असल्यामुळे. मात्र निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला आणि पाठभेद निर्माण झाले. कोणता पाठ मुळाशी जवळचा, हा वाद अभ्यासकांना आजही पुरतो. ग्रंथ परत मिळाला. मूळ प्रत परत मिळाली नाही.

४/ दुसरा धडा कुलपाचा. पुढील काळात महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवल्या. पोथ्या सुरक्षित राहिल्या, परंतु शतकानुशतके पंथाबाहेरील वाचकांस त्या बंदच होत्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, तेव्हा प्राचीन मराठीचे एक दालन खुले झाले. हार्ड डिस्कला पासवर्ड घालावाच. पण तो घरातील आणखी एका माणसाला ठाऊक असावा. किल्ली हरवलेली पेटी वारसांच्या उपयोगाची नसते.

५/ आता १९५६. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आयबीएमने पहिली व्यापारी हार्ड डिस्क जाहीर केली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि क्षमता ५० लाख अक्षरे! आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही ती जेमतेम पुरेल. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

६/ सीमा एका दिवसात सरकली. दप्तरे तशी सरकत नाहीत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसे लागली व शोध थेट हैदराबादपर्यंत गेला. एका नोंदीवर नातवंडांचा दाखला अवलंबून असतो, हे तेव्हा गावोगावी कळले.

७/ संस्थाही अभेद्य नसतात. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि काही तासांत ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस झाली. ज्याची दुसरी प्रत अन्यत्र होती तेवढ्याचीच निश्चिंती होती.

८/ म्हणून निवडीचे निकष. क्षमता आजच्या साठ्याच्या किमान दुप्पट असावी. फिरत्या तबकडीची डिस्क स्वस्त व मोठी मिळते, परंतु पडल्यास बिघडते. एसएसडीत हलणारे भाग नसतात, मात्र ती महाग असते आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तिच्यातील विद्युतभार ओसरू शकतो. घरात एका जागी राहणाऱ्या साठ्यास पहिली पुरते. प्रवासात नेण्यास दुसरी बरी. प्रत घेऊन झाल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर संगणकात शिरलेला व्हायरस किंवा विजेचा झटका दोन्ही प्रतींना एकदमच गाठतो.

९/ अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असा : प्रती ३, माध्यमे २, आणि त्यांपैकी १ प्रत दुसऱ्या ठिकाणी. नायगावच्या घरासाठी याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत संगणकात, एक कपाटातील डिस्कवर आणि एक नांदेडच्या नातलगाकडे किंवा क्लाउडवर. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, डिस्क जोडून चार फायली खरोखर उघडतात का, हे पाहावे. मूळ कागद मात्र स्कॅन झाला म्हणून टाकू नये. कचेरीत अखेर तोच मागितला जातो.

१०/ म्हाइंभटांनी साक्षीदारांचा माग काढत पायपीट केली, कारण सांगणारी माणसे जाण्यापूर्वी ते लिहून घ्यायचे होते. नंतर ज्यांनी ग्रंथ पाठ केला त्यांनी दुसरी प्रत केली, एवढेच. कंठ हे त्या काळचे दुसरे माध्यम होते आणि त्याच माध्यमाने लीळाचरित्र आपल्यापर्यंत पोहोचवले.