हिरवा पडदा (छायाचित्रण)

हिरवा पडदा हे छायाचित्रातील पार्श्वभूमी बदलण्याचे एक तंत्र आहे. यात व्यक्तीचे छायाचित्र एकरंगी हिरव्या कापडासमोर घेतले जाते. नंतर संगणकावर तेवढाच रंग वेगळा करून त्या जागी दुसरे दृश्य बसवले जाते. या तंत्रास क्रोमा की असेही म्हणतात.

इतिहास

संगणकपूर्व काळात स्टुडिओंमध्ये बागा, कमानी व महाल रंगवलेले पडदे व्यक्तीच्या मागे टांगले जात. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी चित्रपटांकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. एकाच फिल्मवर एकाहून अधिक वेळा चित्रण करून दृश्ये जोडण्याची युक्ती त्यांनी पौराणिक चित्रपटांत वापरली. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा 'कालिया मर्दन' (१९१९) हा चित्रपट अशा चमत्कृतिदृश्यांसाठी ओळखला जातो. रंगाच्या आधारे पार्श्वभूमी वेगळी करण्याची पद्धत पुढे हॉलिवूडमध्ये विकसित झाली. 'द थीफ ऑफ बगदाद' (१९४०) या चित्रपटात निळा पडदा वापरण्यात आला होता.

हिरव्या रंगाची निवड

मानवी त्वचेत लालसर-पिवळ्या छटा प्रमुख असल्याने हिरवा रंग तिच्यापासून सहज वेगळा काढता येतो. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावरील निम्मे बिंदू हिरव्या प्रकाशाची नोंद घेतात. लाल व निळ्यासाठी प्रत्येकी एक चतुर्थांश बिंदू असतात. त्यामुळे हिरव्या रंगाची नोंद अधिक तपशीलवार होते.

प्रकाशयोजना

पडद्यावर सुरकुत्या व सावल्या नसाव्यात आणि त्यावर सर्वत्र सारखा प्रकाश पडावा. पडदा व व्यक्ती यांसाठी स्वतंत्र दिवे वापरतात. व्यक्ती पडद्यापासून साधारणतः दीड ते दोन मीटर पुढे असल्यास कपड्यांवर व केसांच्या कडांवर पडणारी हिरवी झाक कमी होते. बसवायच्या दृश्यातील प्रकाशाची दिशा व कॅमेऱ्याची उंची मूळ छायाचित्राशी जुळणे आवश्यक असते. रामकुंडावरील सायंकाळच्या दृश्यात उजेड डावीकडून येत असेल, तर चेहऱ्यावरही तो डावीकडूनच पडावा लागतो.

मर्यादा

पडद्याशी जुळणाऱ्या रंगाच्या वस्तूही पार्श्वभूमीबरोबर नाहीशा होतात. महाराष्ट्रीय विवाहातील हिरवा चुडा व हिरवा शालू यांमुळे ही अडचण विशेषत्वाने उद्भवते. नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या पैठणीची चकाकती जर पडद्याचा रंग परावर्तित करते, तर पदरावरील हिरवे मोर अंशतः पुसले जाऊ शकतात. अशा वेळी निळा किंवा करडा पडदा वापरतात. मोकळे केस, चष्म्याच्या काचा व तलम वस्त्रे यांच्या कडा बहुधा हाताने दुरुस्त कराव्या लागतात.