सदैव ड्यूटीवर

१८६१ च्या पोलीस कायद्याचं २२ वं कलम म्हणतं, पोलीस सदैव कामावर आहे असं मानावं. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही तेच आलं. मला वाटतं, पोलिसाच्या मनावरचा ताण इथूनच सुरू होतो. गुन्हेगारापेक्षा हुकलेली रजा आणि न संपणारी पाळी माणसाला जास्त पोखरते.

सांगावं तर कुणाला? संघटना करण्यावर १९६६ च्या कायद्याने बंधनं घातली. १५ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १८ तारखेला दंगल उसळली, लष्कर आलं, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली.

आठ तासांची पाळी देवनार ठाण्यात प्रयोग म्हणून आली ती मे २०१६ मध्ये. १८६१ पासून मोजा, १५५ वर्षं!

असो. नाक्यावरचा हवालदार खेकसला, तर एवढंच विचारून बघा: ड्यूटी कधी सुटते, साहेब?