चौदाव्या दिवसाची वेस

मे २०१६मध्ये दोन शोधनिबंध जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक केंब्रिजमधल्या माग्दालेना झेर्निका-गोएट्झ यांच्या गटाचा, दुसरा न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या अली ब्रिव्हानलू यांच्या गटाचा. आयव्हीएफ उपचारांनंतर उरलेले आणि संशोधनासाठी दान केलेले मानवी भ्रूण या दोन्ही प्रयोगशाळांनी काचेच्या बशीत तेराव्या दिवसाच्या आसपासपर्यंत वाढवले होते. गर्भाशय नाही, आई नाही. तरीही भ्रूण बशीच्या तळाला चिकटले आणि गर्भाशयात रुजताना जे घडतं त्यातलं बरंचसं तिथे घडलं. मग प्रयोग थांबवण्यात आले. भ्रूण आणखी किती दिवस वाढले असते हे कळलं नाही, कारण चौदा दिवसांच्या पुढे जायचं नाही असा नियम होता.

चौदाच का? दहा का नाही, एकवीस का नाही? जीवशास्त्राच्या पुस्तकात याचं सरळ उत्तर मिळत नाही. हा आकडा माणसांनी एकत्र बसून, वाद घालून ठरवला आहे. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे, कारण आता ही वेस पुढे सरकवायची मागणी होते आहे, आणि आपण भारतीयांनीही ती आपलीच म्हणून मान्य केलेली आहे.

*

आधी त्या दोन आठवड्यांत काय होतं ते पाहू. फलित झालेलं स्त्रीबीज गर्भनलिकेतून गर्भाशयाकडे सरकत असतानाच विभागू लागतं. पाचव्या दिवसाच्या सुमारास शे-दीडशे पेशींचा एक पोकळ चेंडू तयार होतो, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. चेंडूच्या बाहेरच्या थरातून पुढे वार घडते. आत एका बाजूला पेशींचा लहानसा पुंजका असतो, बाळाचं शरीर त्यातून घडतं. सहाव्या-सातव्या दिवशी हा चेंडू गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो आणि आत शिरू लागतो. दुसरा आठवडा संपेपर्यंत तो अस्तरात पूर्ण रुतलेला असतो. पंधराव्या दिवसाच्या सुमारास पुंजक्यातून तयार झालेल्या चकतीवर एक बारीक रेघ उमटते. ही 'प्रिमिटिव्ह स्ट्रीक', म्हणजे आदिम रेषा. डोक्याची बाजू कुठली, पायांची कुठली, डावं-उजवं काय, हे तिथून स्पष्ट होतं. ही रेषा उमटेपर्यंत एका भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात. आणि कितीतरी भ्रूण इथवर पोचतच नाहीत. पाळी येते, आणि आत काही घडलं होतं हे त्या बाईला कळतही नाही.

हे सगळं आपल्याला ठाऊक कसं झालं? गर्भोपनिषदात एका रात्रीचं कलल, सात रात्रींचा बुडबुडा, अर्ध्या महिन्याचा पिंड अशी मोजणी आहे. पंधरवड्याचा मेळ बसतो म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. त्यातून दिसते ती दिवस मोजून कोडं उलगडण्याची माणसाची जुनी ओढ. प्रत्यक्ष पाहणं विसाव्या शतकात झालं, आणि ते ज्या पद्धतीनं झालं ती वाचताना आज अस्वस्थ व्हायला होतं.

अमेरिकेत बॉस्टनजवळ ब्रूकलाइन इथे 'फ्री हॉस्पिटल फॉर विमेन' नावाचं रुग्णालय होतं. १९३८पासून पुढची सुमारे पंधरा वर्षं जॉन रॉक हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आर्थर हर्टिग हे विकृतिशास्त्रज्ञ तिथे एक अभ्यास करत होते. काही वैद्यकीय कारणानं ज्यांचं गर्भाशय काढायचं ठरलं होतं अशा स्त्रियांना त्यांनी पाळीच्या आणि पतीशी आलेल्या संबंधांच्या तारखा लिहून ठेवायला सांगितल्या. शस्त्रक्रियेची वेळ त्या हिशोबानं ठरे. काढलेल्या गर्भाशयात आणि नलिकांमध्ये मग भ्रूणाचा शोध घेतला जाई. २१० स्त्रियांमधून ३४ भ्रूण सापडले, सर्वांत मोठा सतरा दिवसांचा. अस्तरात नुकता शिरू लागलेला मानवी भ्रूण कसा दिसतो, हे जगाला यातून कळलं. त्यांतले बरेच भ्रूण सदोष होते, हेही कळलं. आजही पाठ्यपुस्तकांतल्या पहिल्या दोन आठवड्यांच्या चित्रांमागे हे ३४ नमुने आहेत. रॉक श्रद्धाळू कॅथलिक होते. आज कुठलीही नैतिकता समिती असा प्रयोग मंजूर करणार नाही. त्या २१० जणींची नावं या इतिहासात नाहीत.

*

१९७८ साली हा विषय रुग्णालयाच्या तळघरातून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. २५ जुलैला इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राऊनचा जन्म झाला. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी शरीराबाहेर फलित केलेल्या बीजातून जन्मलेलं हे पहिलं मूल. भ्रूण आता बशीत होता, दिसत होता, आणि म्हणूनच त्याचं काय करायचं हा प्रश्नही समोर होता.

चौदाचा आकडा पहिल्यांदा उच्चारला तो अमेरिकेनं. मे १९७९मध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या नैतिकता सल्लागार मंडळानं अहवाल दिला: संशोधनासाठी भ्रूण वाढवायचा असेल तर गर्भाशयात रुजण्याची क्रिया जिथे पूर्ण होते तिथपर्यंतच, म्हणजे चौदा दिवसांपर्यंत. पुढच्याच वर्षी ते मंडळ गुंडाळलं गेलं आणि अहवाल कागदावर राहिला.

ब्रिटननं जुलै १९८२मध्ये समिती नेमली. अध्यक्ष मेरी वॉर्नोक. या बाई तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका आणि पूर्वाश्रमीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. समितीत डॉक्टर होते, वकील होते, धर्मशास्त्राचे अभ्यासक होते, समाजकार्यातले लोक होते. भ्रूणविज्ञानात स्वतः काम करणाऱ्या ॲन मॅक्लॅरन होत्या. १९५८ साली जॉन बिगर्स यांच्यासोबत उंदराचे भ्रूण काचपात्रात वाढवून, मग उंदरीच्या गर्भाशयात ठेवून त्यांनी पिल्लं जन्माला घातली होती. बाकीच्या सदस्यांना पहिल्या दोन आठवड्यांत काय काय घडतं हे समजावण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

समितीसमोर आकडे अनेक होते. कुणी म्हणे रुजण्याची क्रिया संपेपर्यंत; कुणी म्हणे सतरा दिवस, कारण त्यानंतर मज्जासंस्थेची सुरुवात होते. भ्रूणाला हातच लावू नये असं म्हणणारेही होते. मॅक्लॅरन यांनी बोट ठेवलं ते आदिम रेषेवर: जोवर एकाचे दोन होऊ शकतात, तोवर हा अमुक एक जीव असं म्हणता येत नाही. चौदावा दिवस म्हणजे त्या रेषेच्या उंबरठ्यावरचा दिवस. अमेरिकन मंडळाचा आकडा आणि वॉर्नोक समितीचा आकडा एकच. पण कारण बदललेलं होतं. तिकडे रुजणं पूर्ण होणं, इकडे आदिम रेषा. आकडा निसर्गात कोरलेला असता, तर त्याला दोन वेगळी कारणं लागली नसती.

वॉर्नोक यांनी हे लपवलं नाही. त्यांचा आग्रह दिवसांच्या आकड्यासाठी होता आणि त्यामागचं कारण व्यावहारिक होतं. रेषा उमटली की नाही यावर दोन शास्त्रज्ञांत मतभेद होऊ शकतात. दिवस कुणालाही मोजता येतात. पोलिसालाही, न्यायाधीशालाही. जीव कधी सुरू होतो या प्रश्नाला त्यांनी बगल दिली, कारण त्यावर एकमत होणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं ते इतकंच, की एकमत नसताना आपण एकत्र कसं वागायचं? जुलै १९८४मध्ये अहवाल आला. तीन सदस्यांनी भ्रूणांवरच्या कुठल्याही संशोधनाला विरोध नोंदवला, आणि तो विरोध अहवालातच छापला गेला.

*

अहवाल येताच वाद मिटला नाही; उलट तो तेव्हाच पेटला. फेब्रुवारी १९८५मध्ये इनॉक पॉवेल यांनी भ्रूण-संशोधन बंद करणारं विधेयक मांडलं आणि दुसऱ्या वाचनात ते २३८ विरुद्ध ६६ मतांनी पुढे गेलं. शेवटी वेळेअभावी ते बारगळलं. पुढची पाच वर्षं शास्त्रज्ञ खासदारांच्या दारात जाऊन समजावत राहिले. १९९० साली कायदा झाला. त्यात एक गमतीदार तरतूद आहे. बीज आणि शुक्राणू एकत्र आणल्या दिवसापासून चौदा दिवस संपेपर्यंत आदिम रेषा उमटली आहे असं मानायचं. मात्र भ्रूण गोठवून ठेवलेला असेल तर तो काळ धरायचा नाही. निसर्गात काय झालं आहे ते कायद्यानं सांगून टाकलं!

त्या मतदानाच्या काही दिवस आधी, एप्रिल १९९०मध्ये, लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातून एक बातमी आली. ॲलन हँडीसाइड, रॉबर्ट विन्स्टन आणि सहकाऱ्यांनी बशीतल्या भ्रूणाची एक पेशी काढून त्याचं लिंग ओळखलं होतं. फक्त मुलग्यांना होणारे गंभीर आनुवंशिक आजार काही कुटुंबांत असतात. त्या जोडप्यांसाठी मुलींचे भ्रूण निवडून गर्भाशयात ठेवले गेले. संशोधनाच्या बाजूनं याहून बोलका पुरावा मिळणं कठीण होतं.

मुंबईत बसून ही बातमी वाचताना मात्र काटा आला असता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून इथे स्त्रीवादी कार्यकर्त्या आणि काही डॉक्टर गर्भलिंगचाचणीविरुद्ध लढत होते, आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला होता. लिंग ओळखण्याची तीच विद्या तिथे मुलगी निवडण्यासाठी वापरली जात होती, इथे मुलगी नको म्हणून. आपल्याकडे गर्भाविषयीचं नैतिक भांडण झालं ते याच मुद्द्यावर. भ्रूण कोण आहे यापेक्षा ती मुलगी आहे का, हा इथला जीवनमरणाचा प्रश्न होता.

खरं तर आपला इतिहासही १९७८पासूनच सुरू होतो. लुईस ब्राऊननंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली, तीही गोठवून ठेवलेल्या भ्रूणातून. राज्य सरकारनं समिती नेमली. तिकडच्या समितीनं विचारलं होतं, याचं आता काय करायचं? इकडच्या समितीनं मुखोपाध्यायांनाच खोटं ठरवलं. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. १९८६मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात इंदिरा हिंदुजा आणि टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून 'हर्षा' जन्मली आणि देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून नोंदली गेली. पुढे मुखोपाध्यायांचे कागद वाचून, पहिला मान त्यांचा आहे, असं जाहीर सांगितलं ते याच आनंद कुमारांनी.

*

१९९८ साली विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी ब्लास्टोसिस्टमधला तो आतला पुंजका काढून मानवी भ्रूणीय स्टेम सेल वाढवल्या. शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या या पेशी मिळवायच्या तर पाच-सहा दिवसांचा भ्रूण मोडावा लागतो. म्हणजे चौदा दिवसांची वेस इथे कामाचीच नव्हती. वाद पुन्हा पहिल्या दिवसावर गेला. ऑगस्ट २००१मध्ये बुश यांनी तोडगा काढला: आधीच तयार झालेल्या पेशींच्या वंशांवरच सरकारी पैसा खर्च होईल. अशा ६४ वंशांच्या पहिल्या यादीत सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळूरच्या एनसीबीएसचे होते. त्या वेळी आपल्याकडे स्टेम सेल संशोधनासाठी वेगळी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नव्हती. ती २००७ साली आली, आणि त्यांत चौदा दिवसांची मर्यादा होती.

त्यानंतर यामानाका यांनी साध्या कातडीच्या पेशींना मागे नेऊन तशाच पेशी बनवल्या, आणि वाटलं, भ्रूणाचा प्रश्न सुटला. पण २०२३मध्ये इस्रायलच्या याकोब हाना यांच्या गटानं बीज आणि शुक्राणूंशिवाय, केवळ स्टेम सेलपासून, चौदा दिवसांच्या भ्रूणासारखी रचना घडवली. तिचे दिवस कुठून मोजायचे? त्याआधी, २०२१ साली, स्टेम सेल संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं चौदा दिवसांपलीकडचं संशोधन सरसकट निषिद्ध यादीतून काढलं होतं. आता अठ्ठावीस दिवसांची भाषा सुरू आहे. मागणीला आधार आहे. अनेक गर्भपात आणि जन्मजात दोष यांचं मूळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतं, आणि तोच काळ आपण सर्वांत कमी पाहिला आहे. आक्षेपालाही आधार आहे. तीसहून अधिक वर्षं मर्यादा पाळली म्हणतो, पण त्यातली पंचवीसेक वर्षं तिथवर पोचणंच शक्य नव्हतं. जिथे जाता येत नाही तिथे न जाण्याचं वचन द्यायला काही लागत नाही.

मला वाटतं, वेस हलवावी की नाही यावर समंजस माणसांत मतभेद राहतील, आणि राहावेत. ब्रिटननं ती आखताना आठ वर्षं उघड वाद घातला, विरोधकांचं म्हणणं अहवालात छापलं, मग मत मोजलं. आपण तो आकडा घेतला. वाद घेतला नाही. आपल्या कायद्यांत छप्पन्न दिवस आहेत, चोवीस आठवडे आहेत, त्यांमागे आपली कारणं आहेत. चौदामागे आपलं कारण काय, असं एखाद्या आयव्हीएफ केंद्रात संमतीपत्र पुढ्यात घेऊन बसलेल्या जोडप्यानं विचारलं, तर आज उत्तर द्यायला कोण पुढे येईल? उरलेले भ्रूण ठेवायचे, द्यायचे की टाकायचे, यातल्या एका चौकटीत त्यांना खूण करायची असते. उद्या अठ्ठावीसचा आकडा बाहेरून येईल तेव्हा तोही आपण असाच मार्गदर्शक तत्त्वांत टंकून घेऊ. त्याआधी एकदा तरी ते भांडण मराठीत, हिंदीत, बंगालीत आपण स्वतः भांडायला हवं.