प्रत आणि रुजुवात : कंटेनरयुगातील दप्तराचा एक धडा

मराठी दप्तरी व्यवहारात ‘रुजुवात’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. कागदाची नक्कल होणे ही एक क्रिया. ती मुळाशी ताडून खरी ठरणे ही दुसरी. जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकास हा भेद परिचित असतो. संगणकाच्या दप्तरात मात्र त्याचा वारंवार विसर पडलेला दिसतो. त्या विसराचा इतिहास समजून घेण्यास नवी मुंबई ही योग्य भूमी होय. कारण कंटेनर हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी नांदतो.

पहिला अर्थ मालपेटीचा. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन याच्या जहाजाने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनकडे नेल्या, आणि ठरावीक मापाच्या पेटीचे युग सुरू झाले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर खुले झाले, ते याच युगाचे अपत्य. पेटीत काय आहे हे क्रेनला ठाऊक असावे लागत नाही. परंतु नोंदवहीला ते ठाऊक असावेच लागते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीने मर्स्क कंपनीचे संगणक निकामी केले, तेव्हा न्हावा-शेव्याच्या एका टर्मिनलचेही काम विस्कळीत झाले. क्रेन व जहाजे शाबूत होती. नाहीशी झाली होती ती संगणकातील व्यवस्था.

दुसरा अर्थ सॉफ्टवेअरचा. मार्च २०१३ मध्ये ‘डॉकर’ पुढे आले व आज्ञावली तिच्या सर्व साहित्यासह एका बंद वेष्टनात ठेवण्याची रीत रूढ झाली. ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांत कंटेनर म्हटले की हेच वेष्टन समजले जाते. वेष्टन आतील वस्तू जशीच्या तशी राखते. परंतु दोन वेष्टनांतील वस्तूंचा परस्परांशी मेळ आहे, अशी हमी ते देत नाही.

‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या बाबतीत हे स्पष्ट होते. त्याची नक्कल करणारी ‘पीजी-डंप’ ही आज्ञावली आपल्याहून जुन्या आवृत्तीचा डेटाबेस वाचते. मात्र मुख्य आवृत्ती आपल्याहून नवी असल्यास काम करण्यास नकार देते. सदोष प्रतीपेक्षा प्रत नसणे बरे, हा त्यामागील विचार. डेटाबेसचे कंटेनर सोळाव्या आवृत्तीवर गेले आणि नकलेचे कंटेनर पंधराव्यावरच राहिले, की हा नकार ओढवतो. नक्कल होताच ती आवळून ठेवणारी दुसरी आज्ञावली पुढे जोडलेली असेल, तर ती रिकामा प्रवाहही आवळते व काम फत्ते झाल्याचे कळविते. रोज रात्री तारीखवार फाइल पडत राहते. तिचे आकारमान अवघे २० बाइट.

याच जातीचा प्रसंग ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेवर आला. तेथे कंटेनर नव्हते. एकाच सॉफ्टवेअर-गठ्ठ्यात दोन आवृत्त्या होत्या. डेटाबेस ९.६ चा असता नक्कल करण्यास ९.२ ची आज्ञावली निवडली जात होती. एका अभियंत्याकडून चुकून मूळ माहिती पुसली गेली, तेव्हा राखीव प्रतींची जागा रिकामी आढळली. अपयशाची सूचना देणारी ई-पत्रे निघत होती, पण ती स्वीकारलीच जात नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेल्या एका प्रतीमुळे बहुतेक माहिती वाचली. तरीही सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या व ७०० नवी खाती यांना झळ पोहोचली.

येथे दोष नकाराचा नव्हे. नकार प्रामाणिक होता. दोष तो कोणी ऐकला नाही, हा. म्हणून दोन्ही कंटेनरांच्या आवृत्त्या नेमून देणे व त्या एकत्रच बदलणे ही पहिली दक्षता होय. पण तीही पुरेशी नाही. प्रत रिकाम्या कंटेनरात पुन्हा उभी करून तिच्यातील नोंदी मुळाशी ताडल्या पाहिजेत; आणि असे रिकामे कंटेनर क्षणात उभे राहते, हा या तंत्राचाच गुण आहे. ज्या साधनाने विसंगती शिरते त्याच साधनाने रुजुवात सुलभ होते. नक्कल झाली म्हणजे दप्तर राखले गेले असे नव्हे. ती वाचता आली म्हणजे राखले गेले.