रबाळ्याच्या रॅमचं मूळ गाव

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा एमआयडीसीचा पट्टा रसायनांच्या आणि इंजिनीअरिंगच्या कारखान्यांसाठी ओळखला जाई. आता रबाळ्यात सिफीसारख्या कंपन्यांची डेटा सेंटरं उभी आहेत. सर्व्हर जुने झाले की बदलतात. त्यांतली रॅम कुठे पुन्हा विकली जाते, कुठे भंगारात जाते. अशी जुनी स्टिक हातात आली, की ती मूळची कुणाची हे कसं ओळखायचं?

स्टिकरवर विसंबू नये. त्यावर बहुधा विकणाऱ्याचं नाव असतं. किंग्स्टनचंच घ्या: स्टिक त्यांची, पण चिपा दुसऱ्यांच्या. खरी कुंडली असते काळ्या चिपेवरच्या पुसट अक्षरांत. जुन्या चिपांवर आरंभीची अक्षरं घराणं सांगतात: एचएम म्हणजे हिताची, एमबी म्हणजे फुजित्सु, टीएमएस म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, केएम म्हणजे सॅमसंग. शेजारी चार आकडे असतात. 8432 म्हणजे 1984 सालचा बत्तिसावा आठवडा. नवखा माणूस फसतो तो इथेच. फुजित्सुच्या ‘एमबी 8116’मधला 8116 त्याला 1981चा सोळावा आठवडा वाटतो, तो असतो 16 किलोबिटच्या चिपेचा मॉडेल नंबर. तारीख वेगळ्या ओळीत शोधावी लागते.

त्याही आधीच्या मेमरीला चिपच नव्हती. रबाळ्याहून खाडीपलीकडे, मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने स्वतःचा संगणक उभारला. 1956 मध्ये प्रायोगिक यंत्र, 1960 मध्ये पूर्ण यंत्र. 1962 मध्ये नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. त्याची मेमरी फेराइटच्या इवल्याशा कड्यांची. प्रत्येक कड्यातून बारीक तारा ओवलेल्या. कडं एका दिशेने चुंबकित झालं तर शून्य, उलट दिशेने तर एक. 2048 शब्द, प्रत्येकी 40 बिट, म्हणजे 81,920 बिट. आजच्या हिशेबात जेमतेम 10 किलोबाइट! रबाळ्यातल्या एका 16 जीबीच्या स्टिकमध्ये असे सोळा लाखांहून जास्त टिफ्रॅक मावतील. अशा कड्यांवर कुणाचंही नाव कोरलेलं नसतं. मूळ शोधायचं तर चौकटीवरचं लेबल, कड्यांचा आकार आणि प्रत्येकातून जाणाऱ्या तारांची संख्या पाहायची.

1970 मध्ये इंटेलची 1103 ही डीरॅम, म्हणजे मेमरीची चिप आली आणि कड्यांचे दिवस भरले. पण 1985 मध्ये खुद्द इंटेललाच जपानी कंपन्यांपुढे डीरॅमचा धंदा सोडावा लागला. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या बोर्डावर हिताची, एनईसी, तोशिबा यांची गर्दी दिसली तर नवल नाही. नव्वदीत कोरियन नावं वाढत गेली. बोर्डाचं वय सांगायला कित्येकदा एवढी गर्दीही पुरते.

देशाच्या नावानेही चकवा बसतो. इंटेलने 1972 मध्येच मलेशियात पेनांगला जोडणीचा कारखाना काढला होता. सिलिकॉन एका देशात घडायचं, आवरण दुसऱ्या देशात चढायचं. आणि चिपेवर नाव बहुधा या दुसऱ्या देशाचं. सप्टेंबर 2023 मध्ये गुजरातेत साणंदला पायाभरणी झालेला मायक्रॉनचा प्रकल्पही जोडणी आणि चाचणीचाच आहे. पुढेमागे रबाळ्याच्या एखाद्या सर्व्हरमधून ‘इंडिया’ छापलेली मायक्रॉनची चिप निघेल, तेव्हा तिचं सिलिकॉन कुठे घडलं हे पाहायला अक्षरांशी पुन्हा झटापट करावी लागेल.